मामांच्या खिशातली पुडी

मामांच्या गोष्टी मी आजवर पन्नासदा तरी सांगितल्या असतील, आणि दर वेळी त्यांचा शेवट गिळला आहे. माझ्या बायकोचे मामा म्हणजे पेणच्या खाडीपट्ट्यातले जुने मिठागर कामगार. त्यांनी हयातीत जेवढ्या लोकांना क्षारांच्या पुडीचं नारिंगी पाणी पाजलं, तेवढ्या लोकांना आमच्या भागात कुणी चहासुद्धा पाजला नसेल. एवढं म्हटलं की ऐकणारा हसायला लागायचा आणि मी खुशीत पुढे सरकायचो. मामांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मूत्रपिंडं निकामी होऊन गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात माझ्या एका विनोदाचा हात होता हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आज सांगतो. पण त्याआधी मामा कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर मी काय बिघडवलं ते कळायचं नाही.

माझं औषधांचं दुकान रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत आहे. मामांचं गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीकाठी. दर पंधरा दिवसांनी मामा गावातून मिनीडोर रिक्षाने पेणला येत, पेणहून नागोठण्यावरून गाडीने रोह्याला उतरत आणि कुंडलिकेच्या पुलावरून चालत दुकानात हजर होत. वाटेत पेणची आणि रोह्याची मिळून वीसेक मेडिकल त्यांना लागत असतील. त्यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. घरचा मेडिकलवाला असताना परक्याच्या हातचं व्हिटॅमिन खाल्लं तर ते अंगी लागत नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. पांढरा हाफ शर्ट, त्याला त्यांनी स्वतः शिवून घेतलेले दोन मोठे खिसे. डाव्या खिशात क्षारांच्या पुड्या, उजव्या खिशात बी कॉम्प्लेक्सच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या. चालताना पट्ट्या कुरकुरत आणि त्या आवाजावरून दुकानासमोरच्या बाकावरची मंडळी मान न वळवता सांगत, "तुमचे मामा आले." माणूस जवळ आला की आधी कृत्रिम संत्र्याचा वास येई, मग नमस्कार.

आजार म्हणजे काय, तर अंगातला कुठला तरी क्षार कमी पडणं. ही मामांची व्याख्या, आणि तिला अपवाद नव्हता. डोकं दुखतं? क्षार. झोप येत नाही? क्षार. झोप फार येते? मग तर क्षारच. एकदा पेणच्या एसटी स्टँडवर कंडक्टरने तिकीट देताना दोन जांभया दिल्या, तर मामांनी त्याला गाडीतून खाली उतरवून पुडी पाजली. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली आणि कुणी तक्रार केली नाही, कारण तेवढ्यात मामांनी पुढच्या दोन सीटांवरही पुड्या वाटल्या होत्या. निदानाची त्यांची पद्धत मिठागरातली, त्यांच्या भाषेत आगरातली, होती. वाफ्यातलं पाणी तयार झालं की नाही हे ते तरुणपणी बोट बुडवून जिभेवर टेकवून सांगत, तसेच आता स्वतःचा दंड चाटून अंगातल्या मिठाचा अंदाज घेत. स्वतःच्या दंडावर थांबले असते तर ठीक. पण ते समोरच्यालाही त्याचा दंड चाटायला लावत. माझी मेहुणी लग्न ठरून पहिल्यांदा गावी आली तेव्हा तिच्या होणाऱ्या नवऱ्याला त्यांनी पडवीत बसवून स्वतःचा दंड चाटायला लावला होता. बिचाऱ्याने चाटला. "कसा लागतो?" मामांनी विचारलं. तो घाबरून म्हणाला, बरा लागतो. मामींनी आतून सांगितलं, "पोरगा चांगला हाय. सोडा त्याला."

गोळ्यांचं शास्त्र वेगळं. लाल गोळी घेतली की लघवी पिवळीजर्द होते, आणि तो रंग म्हणजे मामांच्या लेखी गोळी लागू पडल्याची पावती. मी त्यांना एकदा नीट समजावलं की मामा, शरीराला नको असलेलं ते बाहेर टाकतंय, तुम्ही गोळी खाताय आणि मोरीत सोडताय. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चिमनीतना धूर निघतो म्हंजे कंपनी चालू हाय." मिठागरं बंद पडल्यावर पंधरा वर्षं ते एका कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टला जात होते, त्यामुळे या दाखल्यापुढे माझी पदविका फिकी पडली. सर्दी झाली की व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्या चघळत आणि पाच दिवसांत बरे होत. मामींना त्यांचीच सर्दी लागे, त्या काहीच घेत नसत आणि चार दिवसांत बऱ्या होत. हे मी निदर्शनास आणलं तेव्हा मामा म्हणाले की तिची सर्दी हलकी असते. मामींचं म्हणणं पडलं की सर्दी सारखीच असते, पण आपल्याला बसून राहायला वेळ नसतो.

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात मामांचा एक मित्र रंगकाम करायचा. आषाढात तिथे दमट उकाडा असतो आणि माणसं घामाने निथळत असतात, म्हणजे मामांसाठी तो तीर्थाचा महिना. ते रोज सकाळी जाऊन प्रत्येक कारागिराच्या हाताशी नारिंगी पाण्याचा पेला ठेवून येत. एका दिवशी मित्राने बोलता बोलता कुंचला रंगाऐवजी त्या पेल्यात बुडवला आणि एका मोठ्या मूर्तीच्या पीतांबराचा काठ त्याने ओढत नेला. रंग बरा दिसला म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पीतांबराच्या काठाकाठाने मुंग्यांची रांग होती, अगदी जरीसारखी. मालक चिडला. मामा मात्र मुंग्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले की बघा, मुंगीलापन कलतं.

हे सगळं मी दुकानात सांगायचो. मी मूळचा अबोल. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, आणि हसवणं तर मला कधीच जमलं नव्हतं. पण मामांची गोष्ट सांगितली की समोरच्या बाकावरची निवृत्त मंडळी हसत, गिऱ्हाईक हसे, पलीकडचा इस्त्रीवाला काम सोडून ऐकायला येई. मामा म्हणजे माझा एकुलता एक विनोद होता. ते येणार असले की बाकावर जागा मिळत नसे. ते काय बोलतात इकडे सगळ्यांचे कान, आणि मी त्यावर काय बोलतो इकडे. मामांना हे कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. आपल्यामुळे जावयाच्या दुकानात माणसं जमतात याचा त्यांना अभिमान होता.

या वेडाचं मूळ मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेही मामींकडून. मामा पंचविशीत असताना एका वैशाखात त्यांच्या जोडीदाराला मिठागरावरच उलट्या आणि जुलाब सुरू झाले. भोवती मैलभर नुसते बांध आणि वाफे. वाहन नाही, होडी भरतीशिवाय हलणार नाही. जोडीदाराचे डोळे आत गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. मामांना गावातल्या नर्सबाईंनी कधीतरी सांगितलेलं आठवलं, आणि त्यांनी डब्यातली साखर आणि पायाखालचं मीठ मडक्यातल्या गोड्या पाण्यात कालवून त्याला चमचा चमचा पाजायला सुरुवात केली. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत एका हाताने डोक्यावर गोणपाट धरून आणि दुसऱ्या हाताने चमचा. भरती आली तेव्हा जोडीदार स्वतःच्या पायाने होडीत चढला. तो अजून आहे, नातवंडांत आहे.

त्या दिवशी मामा पूर्ण बरोबर होते. हे मी दुकानदार म्हणून सांगतो. जुलाब-उलट्यांत, उन्हात घाम गाळून पेटके आले तर, त्या पुडीइतकं स्वस्त आणि खरं औषध माझ्या सगळ्या कपाटांत नाही. व्हिटॅमिनचंही तसंच, ज्याला खरंच कमी आहे, त्याला त्या गोळ्या उभं करतात. बाकीच्यांच्या बाबतीत ती मनाची समजूत असते आणि बहुतेकांना समजुतीने अपाय होत नाही. बहुतेकांना, हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे, ज्याची मूत्रपिंडं थकली आहेत, त्याच्या बाबतीत तेच क्षार बाहेर पडत नाहीत, साठत जातात. हे मला माहीत होतं. माझा परवाना दुकानात चौकट करून लावलेला आहे, आणि मामा येत तेव्हा त्या चौकटीखालच्याच स्टुलावर बसत.

फाल्गुनातली दुपार होती. मामा नेहमीपेक्षा सावकाश पूल उतरून आले. चपलेचा पट्टा सोडलेला. स्टुलावर बसून त्यांनी एक पाय गुडघ्यावर घेतला, घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला तो तसाच राहिला. बाकावर चौघे होते, ते पुढे झुकले.

मामा म्हणाले, "जावय, पेनच्या डाक्टरानं मीठ बंद करायला सांगितलंय. रक्त तपासायला लिवून दिलंय. मना ते पटत नाय. वाफ्यात गोडं पानी शिरलं का मीठ धरत नाय. मंग आपून काय करतो? दाट खारं पानी सोडतो. माझ्या पायात पानी चढलंय म्हंजे आगर पातल जालाय. आता तू शिकलेला हायस. डाक्टर बरोबर का मी, तू सांग."

बोलता बोलता त्यांनी डाव्या खिशातून पुड्यांमागची डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि अर्धवट माझ्याकडे धरली. ती मी घ्यायला हवी होती. एक हात पुढे करायचा होता, बस. पण आगर पातळ झाला, हे इतकं अफलातून होतं! चौघांचे चेहरे माझ्याकडे वळलेले होते, आणि हसू त्यांच्या ओठांपर्यंत येऊन थांबलं होतं. मला ते वाया घालवायचं नव्हतं.

मी म्हणालो, "मग मामा, पातळ झाला असेल तर दाट करायला नको? दिवसाला दोन पुड्या वाढवा, आणि पाय उन्हात वाळत घाला."

बाक हसून हसून हलला. इस्त्रीवाल्याने टाळी दिली. मामाही हसले, पण जरा उशिरा, आणि डोळ्यांनी माझ्याकडे बघत. मग त्यांनी चिठ्ठीची घडी नीट घातली, पुन्हा खिशात ठेवली आणि पुड्यांचा खोका मागितला. तो मी माझ्या हाताने काउंटरवर ठेवला. ते पुलाकडे निघाले तेव्हा माझ्या मनात आलं होतं की संध्याकाळी फोन करून नीट सांगू, मामा, डॉक्टरांचं ऐका. संध्याकाळी गर्दी होती. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद. मग ते राहिलंच. आठवड्याने बायको फोन ठेवून हसत म्हणाली की मामा रोज सकाळी पडवीच्या पायरीवर दोन्ही पाय उन्हात पसरून बसतात म्हणे, मामींनी विचारलं तर सांगतात पाय वाळवतोय. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी ते बाकावरच्या मंडळींना सांगितलं. पुढच्या दोन फेऱ्यांत मामांनी आणखी दोन खोके नेले, तेही मी दिले. तोपर्यंत त्यांचा चेहराही सकाळचा सुजलेला दिसू लागला होता. माझ्या नजरेला ते दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

आषाढ लागला आणि मामांना दम लागून रुग्णालयात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब वर्षानुवर्षं अंगात होता, मूत्रपिंडं आधीच बरीच गेलेली होती. पण मीठ वेळीच तोडलं असतं आणि तेव्हाच तपासण्या करून औषधं सुरू झाली असती, तर काही काळ सहज हाती आला असता. काही काळ म्हणजे किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आधीच बरीच गेलेली होती, हे वाक्य मी पुष्कळ महिने उशाला घेऊन झोपलो. आता नाही घेत. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझा आहे.

पुढची दीड वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. यंत्राला जोडलेले मामा पहिल्या दिवशी घाबरले होते, दुसऱ्या खेपेला त्यांनी यंत्राचा अभ्यास केला आणि तिसऱ्या खेपेला शेजारच्या खाटेवरच्या माणसाला समजावून सांगितलं की हे पन आगरच हाय, हितं फकस्त मीठ फेकून देतात आन् पानी ठेवतात. नर्सबाईंना स्वतःचा दंड चाटून बघायला सांगण्यापर्यंत मजल गेली होती. तिथेही सगळे हसत. मी भेटायला जाई तेव्हा एका कडेला बसून असे. मामा आता सर्वांसमोर ती गोष्ट काढतील, याची मी दर वेळी वाट बघायचो. काढली असती तर फार बरं झालं असतं.

एका दुपारी मामी औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि शेजारची खाट रिकामी होती. मामा छताकडे बघत होते.

"जावय, त्या दिशी तू मस्करी केलीस ना?"

मी हो म्हणालो.

"मना गाडीतच वाटलं व्हतं," ते म्हणाले. "नागोठण्यापर्यंत तसंच वाटत व्हतं. मंग म्हटलं, नाय. औषधाच्या बाबतीत जावय मस्करी करनार नाय."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी मोकळा हात किंचित हलवला. म्हणाले, "कुनाला बोलू नको. तुझं दुकान हाय. लोकांचा इस्वास बसलेला हाय." आणि मामींची पावलं ऐकू आली तसे ते शेजारच्या रिकाम्या खाटेविषयी बोलू लागले, की त्या माणसाला घरी सोडला, नशीबवान. त्यानंतर चार महिन्यांनी मामा गेले. त्या चार महिन्यांत तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. बोलू नको म्हणाले होते, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते मला वाचवायला म्हणाले होते. मी त्या शब्दाआड राहायलाच गेलो.

गेल्या पौषात आम्ही दोघं मामींकडे गेलो होतो. जेवायला वालाची भाजी, भाकरी. खाडीकाठच्या घरात ताटात सुकी मासळी नाही, हे बायकोच्या लक्षात आलं आणि तिने सहज विचारलं. मामा गेल्यापासून मामींनी घरात सुकट येऊच दिलेली नाही. टोपलीभर होती ती मामांच्या दहाव्याच्या आधीच शेजारी देऊन टाकली. स्वतःच्या भाकरीतसुद्धा त्या मीठ घालत नाहीत.

"मीच मारला गो त्यांना," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. आवाज साधा होता, रोजचं काही सांगावं तसा. "डाक्टर मीठ बंद बोलला व्हता, त्यांनी मना सांगितलंच नाय, पन मना कलायला नको? पाय सुजलेलं दिसत व्हतं. तरी रोज सुकट, रोज खारा मासा. माझ्या हातचा मीठ गेला त्यांच्या अंगात." मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीने, "तुमची पुडी घेत व्हते म्हनून तेवढं तरी जगले, जावय. पुडी तर औषध व्हतं."

बायको त्यांना जवळ घेऊन समजावत राहिली की असं काही नसतं मामी. तिच्या त्या सांगण्याला अर्थ नव्हता, कारण तिला काही माहीत नव्हतं. माहीत असलेला माणूस समोर बसून अळणी भाकरी चावत होता. मामींनी दुसरी वाढली, ती मी घेतली. येताना त्यांनी पिशवीत वाल दिले, तेही घेतले.

दुकानात मी आता मामांच्या गोष्टी सांगत नाही. कुणी पुडी मागितली की कशासाठी हवी ते विचारतो, पाय बघतो, चिठ्ठी मागून घेतो. बाकावरची मंडळी म्हणतात, हल्ली तुम्ही फार खडूस झालात. पण ही पुढच्या गिऱ्हाइकांची काळजी झाली, मागची फेड नव्हे. मामांनी गाडीत बसून नागोठण्यापर्यंत जो विचार केला, त्याचं उत्तर ज्यांना द्यायचं ते मामा आता नाहीत. मामी आहेत. सुकटीने नाही, तुमच्या हाताने नाही, त्यांनी मला विचारलं होतं आणि मी चुकीचं सांगितलं, एवढं मला त्यांच्यासमोर बसून बोलायचं आहे. अष्टमीहून त्यांचं गाव दोन तासांवर आहे. अजून मी गेलेलो नाही.